पाटीचं भांडवल

आज रविवार. पुण्याच्या मार्केट यार्डात फळं-भाजीपाला विभागाची सुट्टी शनिवारी असते, त्यामुळे आठवड्यातली मोठी आवक रविवारी होते. उद्याच्या वर्तमानपत्रात तिचे आकडे येतील. कांदा दहा किलोला किती, टोमॅटो किती, कोथिंबिरीची शेकडा जुडी किती. पण या बाजारात आणखी एका गोष्टीचा भाव रोज ठरतो आणि तो कधीच छापून येत नाही. तो म्हणजे पहाटे माल उचलण्यासाठी लागणाऱ्या पैशाचा भाव. हातगाडीवर, पाटीत किंवा पथारी पसरून भाजी विकणाऱ्या बाईसाठी हा भाव टोमॅटोच्या भावापेक्षा महत्त्वाचा असतो. तिला तो पैसा कोणी, केव्हा आणि कोणत्या अटींवर दिला, हा आपल्या शहराच्या इतिहासातला एक दुर्लक्षित धागा आहे. आज तोच धरून बोलायचं आहे.

पुण्यात बाजाराचा इतिहास सांगताना सुरुवात मंडईपासून करावी लागते. १८८६ मध्ये तिची दगडी इमारत उभी राहिली आणि मुंबईच्या गव्हर्नरांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणू लागले. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, तेव्हा त्यांनी या खर्चिक बांधकामाला विरोध केला होता. एवढा पैसा शिक्षणासाठी वापरा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्याच मंडईला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. शहर वाढलं, पेठांतल्या रस्त्यांना मालाच्या गाड्या पेलवेनात, आणि घाऊक व्यापार टप्प्याटप्प्यानं गुलटेकडीला आला. आपण ज्याला नुसतं मार्केट यार्ड म्हणतो, तो श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्ड असा उभा राहिला.

या यार्डात कोणाकोणाची नोंद आहे ते पाहण्यासारखं आहे. शेतकऱ्याचा माल कसा विकायचा, तोलाई कशी करायची, पट्टी कशी द्यायची, हे १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्यानं ठरवलं. आडत्याला परवाना आहे आणि गाळाही आहे. पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाला मात्र हे आपोआप मिळालं नाही. डॉ. बाबा आढाव यांनी पन्नासच्या दशकात हमाल पंचायत उभी केली. पुढे १९६९ मध्ये माथाडी कायदा आला, तेव्हा कुठे महाराष्ट्रातल्या हमालाच्या कामाला, मजुरीला आणि म्हातारपणाला थोडाफार आधार मिळाला. सत्तरच्या दशकात हमाल पंचायतीनं ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. कष्टकऱ्याला परवडेल अशा दरात पोटभर जेवण देणारी ही केंद्रं पुणेकरांच्या परिचयाची आहेत.

शेतकरी, आडते, तोलणार, हमाल या सगळ्यांची नावं कुठल्या ना कुठल्या वहीत आली. साखळीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या भाजीवालीचं नाव मात्र कुठेच नव्हतं. ती पहाटे यायची, दोन-तीन डाग माल घ्यायची, चौघींत मिळून टेम्पो करायची आणि निघून जायची. बाजार समितीच्या लेखी ती किरकोळ खरेदीदार होती आणि महापालिकेच्या लेखी अतिक्रमण. २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळभाज्यांवरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं तो न्याय्यच निर्णय होता. पण ‘खरेदीदार’ या एका शब्दात मोठा व्यापारीही येतो आणि दोन डाग उचलणारी बाईही येते, हे त्या वेळच्या चर्चेत फारसं कोणी बोललं नाही.

आता तिच्या पैशाकडे वळू. अशाच एका बाईंना मी यार्डाच्या फाटकाशी विचारलं होतं, “मावशी, मालाला पैसे कुठनं आणता?” त्या म्हणाल्या, “कालच्या गल्ल्यातनं. आणि कालचा गल्ला घरात संपला असंल तर माणूस असतोय की देणारा.” हा देणारा माणूस प्रत्येक घाऊक बाजाराच्या आसपास असतो. तो सकाळी पैसे देतो आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी वाढवून घेतो. कागद नाही, तारण नाही, हेलपाटे नाहीत. पहाटे चार वाजता कुठलीही बँक उघडी नसते, तो मात्र हजर असतो. त्याला नुसती नावं ठेवून भागत नाही. तो एक गरज भागवतो, म्हणून टिकतो.

पण त्याची किंमत काय? अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात चेन्नईतल्या फळविक्रेत्यांचा दर दिला आहे: सरासरी दिवसाला ४.६९ टक्के. वर्षाला नव्हे, दिवसाला. हा दर डोळ्यांसमोर ठेवून साधा हिशेब करू. एक हजार रुपयांच्या मालासाठी रोज सुमारे ४७ रुपये व्याज. वर्षात तीनशे दिवस धंदा केला तर १४ हजार रुपयांच्या वर. म्हणजे हजार रुपयांचं भांडवल वापरण्यासाठी बाई चौदा हजार मोजते आणि वर्षअखेरीला तिच्याकडे ते हजार रुपये नसतातच. कष्ट, हुशारी, ओळखीची गिऱ्हाइकं, सगळं असूनही पाटीची हातगाडी का होत नाही, याचं उत्तर बऱ्याच अंशी या हिशेबात आहे.

सावकारीला आळा घालणारे कायदे आपल्याकडे नव्हते असं नाही. मुंबई राज्यात १९४६ चा सावकारी कायदा होता आणि त्याच्या जागी २०१४ मध्ये महाराष्ट्राचा नवा कायदा आला. पण पहाटेच्या अंधारात हातोहात होणाऱ्या व्यवहाराला कायदा शिवत नाही. दुसरा मार्ग म्हणजे तिला पर्यायी पैसा देणं. तो प्रयत्न खऱ्या अर्थानं सत्तरच्या दशकात सुरू झाला. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७२ मध्ये अगदी दुर्बळ घटकांसाठी ४ टक्के दरानं कर्ज देण्याची योजना आली. योजना कागदावर उत्तम होती, पण बँकेच्या काउंटरपर्यंत जायचं कसं, हा प्रश्न उरलाच. सही येत नाही, पत्ता झोपडपट्टीतला, जामीन कोणी राहत नाही.

हे कोडं पहिल्यांदा सोडवलं ते बायकांनीच. अहमदाबादमध्ये इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संघटनेतल्या चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेऊन १९७४ मध्ये स्वतःची सहकारी बँक काढली. त्यांत भाजीवाल्या होत्या, गाड्या ओढणाऱ्या होत्या, जुने कपडे विकणाऱ्याही होत्या. सही न येणाऱ्या बाईची ओळख छायाचित्रावरून पटवायची, असा साधा तोडगा त्यांनी काढला. त्याच वर्षी पुण्यात भगिनी निवेदिता सहकारी बँक सुरू झाली, बायकांनी चालवलेली.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, मुंबईच्या गिरणगावात प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं. गिरणी कामगारांना डबे देणाऱ्या, खाणावळ चालवणाऱ्या बायका वाण्याकडून उधारीवर शिधा आणत. अडचण आली की अंगावरचा डाग गहाण पडे. पुरवांनी त्यांचे गट बांधले, एकमेकींची हमी घ्यायला लावली आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेऊन उभं केलं. बांगलादेशात मुहंमद युनूस यांनी जोब्रा गावात आपला प्रयोग सुरू केला तो १९७६ मध्ये. त्यांच्या ग्रामीण बँकेला २००६ चं नोबेल शांतता पारितोषिक मिळालं, जगभर नाव झालं आणि ते योग्यच झालं. पण परळ-लालबागच्या खाणावळवाल्या त्याच सुमारास, किंबहुना थोड्या आधीच, त्याच वाटेनं चालत होत्या, याची आठवण आपण तरी ठेवायला हवी.

पुण्यात १९९३ हे वर्ष महत्त्वाचं ठरलं. प्रेमाताईंच्या कन्या डॉ. मेधा पुरव-सामंत यांनी बँकेतली नोकरी सोडून पुण्याच्या वस्त्यांमध्ये अन्नपूर्णाचं काम सुरू केलं. भाजी विकणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, छोटं दुकान चालवणाऱ्या बायकांचे गट, छोटी कर्जं, नियमित बचत. पण काही काळातच कर्जाच्या जोडीला दुसऱ्या गोष्टी आल्या. कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी पाळणाघरं आली. आजारपणासाठी आणि घरातल्या मृत्यूच्या प्रसंगासाठी बायकांनीच वर्गणी भरून चालवलेले निधी आले. या गोष्टी का आल्या, ते पुढे सांगते.

त्याच वर्षी, १९९३ मध्येच, पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. एसएनडीटी महिला विद्यापीठातल्या पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांचं वस्त्यांमधलं काम आणि बाबा आढावांचा संघटनेचा अनुभव, असा तो संगम होता. कचरा वेचणाऱ्या बायकांना आधी ओळखपत्रं मिळाली. १९९७ मध्ये त्यांची पतसंस्था निघाली, म्हणजे भंगारवाल्याकडून उचल घेण्याची पाळी कमी झाली. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचं काम घेतलं. उकिरड्यावर वाकणारी बाई सेवा पुरवणाऱ्या संस्थेची सभासद झाली. इथं एक क्रम लक्षात येतो. आधी ओळख, मग पत, मग व्यवसाय.

ग्रामीण भागात हीच लाट बचत गटांच्या रूपानं आली. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे ‘माविम’, १९७५ मध्ये स्थापन झालं होतं. १९९२ मध्ये नाबार्डनं गटांना बँकांशी जोडण्याची योजना सुरू केली. माण तालुक्यातल्या म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकारानं १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तिला परवाना मिळवताना बायकांच्या निरक्षरतेची अडचण आली होती. बायकांनी त्यावर सांगितलं, आम्हाला लिहिता येत नसेल, पण व्याजाचा हिशेब तोंडी करता येतो.

हे सांगण्याचं कारण, प्रशिक्षणाबद्दलचा आपला एक गैरसमज. पुण्याला स्त्रियांना उद्योगाचं शिक्षण देण्याची जुनी परंपरा आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं. शिवण, शुश्रूषा, अध्यापन शिकून असंख्य विधवा आणि परित्यक्ता स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. ते फार मोठं काम होतं. पण ते मुख्यतः घराबाहेर पडू न शकलेल्या बाईसाठी होतं. भाजीवाली तर आधीपासूनच बाजारात होती. तिला शिकवायचं काय, असंच सगळ्यांना वाटत राहिलं. त्यामुळे एकीला शिक्षण मिळालं पण भांडवल नाही, आणि दुसरीला कधीतरी कर्ज मिळालं पण शिक्षण नाही.

खरं म्हणजे तिला भाव करायला किंवा तराजू धरायला शिकवायचं नसतं. तिच्या चंचीत धंद्याचे आणि घरचे पैसे एकत्र असतात, ते वेगळे कसे ठेवायचे, हे तिला हवं असतं. संध्याकाळी उरलेल्या पालकाचं नुकसान कुठल्या खात्यात धरायचं, स्वतःच्या मजुरीचा पैसा नफ्यातून वेगळा कसा काढायचा, हे हवं असतं. आणि ते शिकताना सोबत हवी असते. अहमदाबादमध्ये ‘सेवा’ बँकेच्या ग्राहक बायकांसाठी दोन दिवसांचं व्यवसाय प्रशिक्षण ठेवण्यात आलं. काहींना एकटीला बोलावलं, काहींना मैत्रीण घेऊन यायला सांगितलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात फरक दिसला तो मैत्रिणीबरोबर आलेल्या बायकांमध्ये. त्यांनी धंद्यासाठी कर्ज अधिक घेतलं आणि त्यांचं उत्पन्नही वाढलं. आपल्या बचत गटांना हे बहुधा न सांगताच ठाऊक होतं.

आता थोडी कडू बाजू. छोटं कर्ज दिलं की गरिबी जाते, अशी एक समजूत मधल्या काळात फार पसरली. नफ्यासाठी कर्ज वाटणाऱ्या कंपन्या आल्या. एकीचं कर्ज फेडायला दुसरीचं, दुसरीचं फेडायला तिसरीचं, असं चक्र सुरू झालं. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात त्याचा स्फोट झाला, आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि तिथल्या सरकारला वटहुकूम काढावा लागला. हैदराबादच्या वस्त्यांमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्जामुळे काही धंदे थोडे वाढले, पण घराचं चित्र पालटलं असं दिसलं नाही.

त्याहून बोलका प्रयोग बाजारातल्या विक्रेत्यांवरच झाला. चेन्नईत आणि फिलिपिन्समध्ये संशोधकांनी विक्रेत्यांचं सावकारी कर्ज चक्क स्वतः फेडून टाकलं. काहींना पैशाच्या नियोजनाचं प्रशिक्षणही दिलं. पाटी कोरी झाली! २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा, की बहुतेक जण सहा आठवड्यांच्या आत पुन्हा कर्जात गेले.

यावरून गरिबांना पैसा सांभाळता येत नाही, असा निष्कर्ष काढणं सोपं आहे. मला तो पटत नाही. सहा आठवड्यांत भाजीवालीच्या घरी काय काय होऊ शकतं, याचा विचार करा. मुलाला ताप येतो. दोन दिवस सलग पाऊस पडतो आणि माल सडतो. गावाकडे मयत होते. अशा प्रत्येक प्रसंगी हात जातो तो एकाच ठिकाणी, खेळत्या भांडवलावर. एकदा ते खर्च झालं की दुसऱ्या दिवशी पहाटे तो देणारा माणूस उभा असतोच. म्हणजे धंदा बुडतो तो बहुतेक वेळा धंद्यामुळे नव्हे, घरातल्या वाईट दिवसामुळे. अन्नपूर्णानं कर्जाबरोबर आजारपणाचा निधी आणि पाळणाघर का काढलं, याचं उत्तर इथे मिळतं. वरवर ती समाजसेवा वाटते. प्रत्यक्षात ते भांडवलाभोवतीचं कुंपण आहे.

२०२० मध्ये आपण सगळ्यांनीच असा वाईट दिवस पाहिला. टाळेबंदी आली, एप्रिलमध्ये मार्केट यार्डातला भाजीपाल्याचा बाजारही काही काळ बंद ठेवावा लागला. ज्या बायकांचं भांडवल हजार-दोन हजारांचं होतं, त्यांनी ते घरात बसून खाल्लं. दुसरं खायला होतं काय? त्याच वर्षी जूनमध्ये केंद्र सरकारनं पथविक्रेत्यांसाठी ‘पीएम स्वनिधी’ योजना आणली. विनातारण दहा हजार रुपये, वेळेवर फेडले तर पुढचं मोठं कर्ज आणि व्याजात सवलत. २०२५ मध्ये पहिल्या कर्जाची ही रक्कम पंधरा हजार करण्यात आली. १९७२ पासूनचा प्रवास पाहिला तर भाजीवालीचं खेळतं भांडवल ही देशाच्या धोरणाची बाब झाली, ही काही लहान गोष्ट नाही.

पण कर्जाचा अर्ज करताना तिला विचारतात, विक्रेता असल्याचं प्रमाणपत्र आहे का? इथे आपण पुन्हा नोंदीपाशी येतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि शहरात पथविक्रेता समिती, असं सगळं सांगितलं आहे. समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका, असंही त्यात लिहिलं आहे. ही तरतूद प्रत्यक्षात उतरली तरच कर्जाला अर्थ आहे. कारण पहाटे यार्डातून दोन हजारांचा माल उचलून बाई आपल्या जागेवर आली आणि अतिक्रमणाच्या गाडीनं तिची हातगाडी मालासकट उचलली, तर त्या दिवशी तिचं भांडवल संपलं. वर बँकेचा हप्ता उभाच.

म्हणून बायकांना उद्योगासाठी कर्ज देऊ इच्छिणाऱ्या संस्थेला, बँकेला किंवा नगरसेवकाला माझं एवढंच सांगणं आहे. किती बायकांना किती कोटी वाटले, हा आकडा जरूर छापा. पण त्याबरोबर तीन गोष्टी विचारा. तिला बसायला हक्काची जागा आहे का? घरात आजारपण आलं तर भांडवलाला हात न लावता ते निभावेल असा निधी आहे का? आणि हिशेब शिकताना तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण आहे का? या तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील, तर दहा हजार रुपयेही पुरतात. ती उत्तरं ‘नाही’ असतील, तर लाखही सहा आठवड्यांत संपतात, आणि पहाटे चारला यार्डाच्या फाटकाशी तिला पुन्हा त्याच माणसापुढे हात पसरावा लागतो.